ओल कुठून येते?

नवं घर घेतलेल्या माणसाला सध्या दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ड्रिल मशीन आण, पान्यांचा संच आण, व्हिडिओ बघ आणि सगळं स्वतः कर. दुसरा म्हणतो, यातलं काही शिकत बसू नकोस, ॲपवरून माणूस बोलव. पहिल्या सल्ल्यावर फार शाई खर्च करायला नको. गॅसच्या नळीला आणि मुख्य वीजजोडणीला हौशी हात लागू नयेत. बाकीची हौस ज्याची त्याने भागवावी. या प्रश्नात स्वावलंबनाचं नीतिशास्त्र आणणारेही असतात, पण पंधराव्या मजल्यावरच्या माणसाला बाहेरच्या भिंतीची भेग स्वतः बुजवता येत नाही, एवढ्यावर तो मुद्दा मिटतो. दुसरा सल्ला मात्र असा बाजूला सारता येत नाही. शिकलेली माणसं तो देतात, आणि त्याच्या पाठीशी अर्थशास्त्र आहे असं सांगतात.

युक्तिवाद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माझ्या तासाची किंमत प्लंबरच्या तासापेक्षा जास्त, तेव्हा नळाचा वॉशर बदलायला मी शिकणं म्हणजे तोटा. ॲडम स्मिथने 1776 मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण देऊन श्रमविभागणीची ताकद दाखवली, रिकार्डोने 1817 मध्ये तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडला, आणि त्या दोघांच्या भरवशावर आज आपण घरातला फ्यूज कुठे आहे हेही न बघता राहतो. खरं तर श्रमविभागणी शिकायला आपल्याला स्मिथची गरज नव्हती. बलुतेदारीने ती जन्मालाच बांधून ठेवली होती, आणि हातकामाकडे बघण्याची पांढरपेशी तुच्छता बऱ्याच अंशी तिथूनच आली आहे. तरीही कोकणात पावसाच्या तोंडावर शाकारणी निघाली की कौलं परतायला गडी येत, आणि कुठे परतायची हे घरचं माणूस सांगे. गेल्या आषाढात घमेलं कुठे मांडावं लागलं होतं हे त्याने पाहिलेलं असे.

तासाच्या किमतीचा हिशेब आधीच लंगडा आहे. पगारदाराचा रविवार सकाळचा तास कुणी विकत घेत नसतं, त्यामुळे वाचलेल्या तासाची किंमत कागदावरच राहते. पण हा किरकोळ आक्षेप झाला. मूळ दोष दुसरीकडे आहे. हा युक्तिवाद गृहीत धरतो की आपण काय विकत घेतोय ते घेणाऱ्याला कळतं. टाचणी टोचते की नाही ते लगेच समजतं. दुरुस्तीचं तसं नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये अशा सेवांचा वेगळा वर्गच मांडला: काम पूर्ण झाल्यावरही त्याची गरज होती का, हे गिऱ्हाइकाला धड ठरवता येत नाही. सांगणारा आणि करणारा एकच असला की गरजेपेक्षा जास्त काम विकलं जाण्याची वाट मोकळी होते. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधाराने ‘शिकू नका’ म्हणतात, त्याच शास्त्राला या बाजाराबद्दल शंका आहे.

ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत माझ्या मेहुणीने फ्लॅट घेतला. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग, कडेला लोणा लागलेला. रंगारी म्हणाला, खरवडून डॅम्पप्रूफचे दोन हात मारू. लादीवाला म्हणाला, वरच्यांचं अख्खं बाथरूम उखडावं लागेल. वॉटरप्रूफिंगवाल्याने बाहेरच्या भिंतीचं काम सांगितलं, झुल्यासकट. तिघांपैकी कुणी लबाड होता असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने सांगितलं. पण डाग ऐन मे महिन्यात ओला होता, म्हणजे पाऊस सुटला. वरची मंडळी गावाला गेली की तो वाळायचा. म्हणजे पाणीपुरवठ्याची लाइनही सुटली, कारण तिच्यात दाब कायम असतो आणि ती नळ बंद असतानाही झिरपत राहते. सांडपाण्याची लाइन वापर झाला तरच गळते. मेहुणीने वरच्यांना विनंती करून नाहणीत खायचा लाल रंग घातलेलं पाणी ओतायला लावलं. डागाची कड गुलाबी झाली. नाहणी ट्रॅपभोवतीचा सांधा गेला होता, आणि तेवढ्याच चार लाद्या काढाव्या लागल्या. हातात पाना तिने एकदाही धरला नाही.

यावर ॲपवाल्यांचं उत्तर असतं की गिऱ्हाइकांनी दिलेले तारे हा दोष दूर करतात. ते कसे करणार? तारे काम झाल्या दिवशी दिले जातात. नोव्हेंबरात केलेल्या वॉटरप्रूफिंगची परीक्षा जुलैत होते, आणि तोवर पाच तारे देऊन झालेले असतात. खांबाच्या पोपड्याचं तर आणखी अवघड. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. पोपडा पाडून, सळई साफ न करता नुसता गिलावा केला तर खांब दोन-तीन वर्षं छान दिसतो, आणि आत गंजणं चालूच राहतं. तारे देणाऱ्याने पाहिला तो गिलावा. मग कुणी म्हणतं, तटस्थ तज्ज्ञ नेमा. जरूर नेमावा. मोठ्या भेगेला, वाकलेल्या स्लॅबला दुसरा इलाजही नाही. पण तज्ज्ञ एक दिवस येतो. डाग मे महिन्यात कसा होता हे त्याला घरातल्यांनीच सांगायचं असतं.

म्हणून मला दुरुस्ती करता येणं आणि बिघाड वाचता येणं या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. पहिली ज्याला जमेल, आवडेल त्याने शिकावी. दुसरी घराच्या किल्लीबरोबर यायला हवी, आणि ती विकत मिळत नाही. ओलसर भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला तर पाणी भिंतीकडच्या बाजूला जमतं की खोलीकडच्या, यावरून झिरप आहे की हवेतला दमटपणा, याचा अंदाज येतो. सगळे नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरत असेल तर आपल्याच लाइनला गळती आहे. विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडला नाही, तर 30 मिलिॲम्पिअर गळतीला वीज तोडण्याचं त्याचं काम भरवशाचं राहिलेलं नाही. यातलं एकही काम दुरुस्तीचं नाही, आणि प्लंबर किंवा वायरमन यांच्या पोटावरही ते येत नाही. उलट चांगल्या कारागिराला असं गिऱ्हाईक हवंच असतं.

ज्याला बिघाड वाचता येत नाही त्याच्या हातून हक्कही निसटतात. रेरा कायद्याच्या 14व्या कलमाप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पण दोष दाखवायचा आहे घरमालकाने. चौथ्या वर्षी खिडकीखालच्या ओलीवर रंग मारून घेणारा माणूस स्वतःच्या खर्चाने पुरावा झाकत असतो. त्याच कायद्याच्या 17व्या कलमाप्रमाणे इमारतीची आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे सोपवायचे आहेत. भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे नकाशे त्यात आहेत का, हे सोसायटीच्या सभेत किती सभासद विचारतात? प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेला तो नकाशा प्रत्येक फ्लॅटधारकाला ताब्याच्या दिवशीच मिळायला हवा, विक्री कराराला जोडून; आणि मॉड्युलर किचनच्या रंगावर महिनाभर घासाघीस करणाऱ्या ग्राहकांनी त्याची मागणी सही करण्याआधी करायला हवी.