ठिणगीपूर्वीची पाच मिनिटे

गेल्या वर्षी दिवाळीला माझा पुतण्या पुण्याहून ऊर्जानगरला आमच्याकडे यायचा होता. "काका, तुमच्यासाठी काय आणू?" असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मी जराही संकोच न करता सांगितले, "लायटर आण. पण पाइपचा हं!" तो बिचारा गोंधळला. लायटर तो लायटर. त्यात पाइपचा आणि सिगारेटचा असा जातिभेद कसला? ह्या त्याच्या भाबड्या प्रश्नाने मला असा काही उत्साह चढला की पुढचे दोन महिने मी लायटर ह्या एकाच विषयाचा व्यासंग केला. "मला पाहायला आला होतात तेव्हासुद्धा तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती," असे आमच्या मंडळींचे त्यावर मत पडले.

पण ही चौकशी अगदीच निरर्थक नव्हती. सिगारेटचे टोक ज्योतीपुढे धरता येते. पाइपचे तोंड मात्र आकाशाकडे असते. ज्योतीचा स्वभाव वर जाण्याचा आणि पाइपवाल्याला तर ती खाली वळवायची असते. शिवाय पाइप एका काडीत पेटला असे सहसा होत नाही. पहिल्या आचेने तंबाखू फुलून वर येतो, तो हलकेच दाबावा लागतो आणि मग दुसऱ्यांदा पेटवावा लागतो. पेट्रोलवर चालणारा लायटर वाऱ्याला दाद देत नाही. पण पहिल्या दोन-चार झुरक्यांना पेट्रोलचा वास येतो. फुसकारत जाणारी निळी, तीक्ष्ण ज्योत पाइपच्या लाकडाची कडाच जाळून टाकते. काडेपेटी स्वस्त आणि इमानी खरी, पण काडीच्या टोकावरचे रसायन पुरते जळून जाईपर्यंत थांबावे लागते, आणि वारा असला की तीन काड्या फुकट जातात. सर्वांत उत्तम म्हणजे ब्यूटेन वायूचा, मऊ पिवळ्या ज्योतीचा आणि ती ज्योत आडवी बाहेर सोडणारा लायटर. त्यातल्या काहींच्या अंगातच तंबाखू दाबण्याची छोटी दांडी बसवलेली असते.

व्यासंगाच्या ओघात काही गमतीच्या गोष्टीही कळल्या. काडी आधी आणि लायटर मागाहून, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. योहान डोबेरायनर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जस्त आणि गंधकाम्ल ह्यांच्यापासून हायड्रोजन काढून तो प्लॅटिनमच्या साहाय्याने पेटवणारा दिवा १८२३ साली केला, आणि घासून पेटणारी काडी इंग्लंडातल्या जॉन वॉकरने विकायला काढली ती १८२७ साली. आज लायटरच्या चाकाखाली जो 'खडा' झिजतो, तो मुळी दगडच नव्हे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १९०३ साली पेटंट घेतलेला तो एक मिश्रधातू आहे. आपल्या सरकारनेही ह्या चिमुकल्या यंत्राची दखल घेतली आहे. वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरांची आयात २०२३ साली बंद झाली. शिवकाशीकडच्या काडेपेटीवाल्यांचा धंदा त्यांच्यामुळे बसत चालला होता.

असो. लायटर आला. चांदीच्या डबीसारखा नाजूक, तळहातात मावणारा आणि अंगठ्याच्या एका दाबात पेटणारा. पुढे काय झाले ते मला होळीच्या सुमारास उमगले. दिवसाला तीन पाइप ओढणारा मी सहावर गेलो होतो.

माझा तंबाखू बदलला नव्हता, चिंता वाढल्या नव्हत्या आणि फावला वेळही तेवढाच होता. बदलला होता तो फक्त लायटर. पूर्वी ओढण्याची इच्छा झाली की काडेपेटी शोधावी लागे. ती स्वयंपाकघरात असे. तिथे जाईपर्यंत कधी इच्छाच मावळे, कधी कुणी दळण आणायला पाठवी. आता इच्छा आणि अग्नी ह्यांच्यामध्ये काही म्हणजे काहीच उरले नव्हते.

विस्तवाच्या बाबतीत माणसाने आजवर असे कधी अनुभवले नसेल. आमच्या आजीच्या काळी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत. सकाळी तो विझलेला निघाला तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जावे लागे. मागायला जायचे म्हणजे शेजारणीशी भांडण ठेवून चालत नसे! जंगलातून हिंडणाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस असे. ठिणगी कापसावर पडून तिने जीव धरीपर्यंत फुंकर घालीत बसावे लागे. यज्ञासाठी तर शेजारचा आयता विस्तव चालतच नसे. अरणी घुसळून तो नव्याने काढावा लागे, आणि हात भरून येईपर्यंत यजमानाला आपण हे कशासाठी करीत आहोत हे आठवायला भरपूर सवड मिळे.

ह्या विचारांना खरी धार आली ती एप्रिलमध्ये. आमच्या ऊर्जानगरावरून जाणारा रस्ता पुढे मोहर्लीला, म्हणजे ताडोब्याच्या वेशीपर्यंत जातो. एका रविवारी सकाळी मी त्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी थांबलो होतो. मोहाची फुले पडून गेली होती, तेंदूची कोवळी पाने फुटू लागली होती आणि रस्त्याच्या कडेला साग-बांबूच्या वाळक्या पानांचा घोटाभर थर साचला होता. मी पाइप पेटवला, ओढला आणि नेहमीच्या सवयीने बुटाच्या टाचेवर आपटून रिकामा केला. चहाचा पेला हाती घेतो न घेतो तोच मागून कुणीतरी धावत आले. उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायला वनखाते जी माणसे नेमते, त्यांपैकी तो एक म्हातारा होता. पाचोळ्यातून धुराची बारीक रेघ निघाली होती. त्याने पायाने पाने बाजूला सारली, बाटलीतले पाणी ओतले आणि ती जागा हाताने चाचपून पाहिली. मी ओशाळून उभा होतो. काहीतरी बोलायचे म्हणून त्याला विडी पेटवायला लायटर पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, कौतुकाने एकदा पेटवला आणि परत देत म्हणाला, "पेटवाचा तं लय झ्याक हाय जी, साहेब. पन इझवाचा कुठी हाय?"

मग त्याने आपली विडी अर्धी ओढली, तिचे टोक दगडावर दाबून विझवले, बोटाने शिवून पाहिले आणि उरलेला तुकडा कानावर ठेवला. ज्या तेंदूच्या पानात ती विडी वळलेली होती, त्या पानांचा हंगाम महिन्याभरावर आला होता. सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधून चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी घरे त्यावर वर्षाची उधारी फेडतात. वणव्यात काय जाते, हे त्या माणसाला पाठ होते. मला मात्र फक्त ज्योतीचा कोन पाठ होता.

शरमेची गोष्ट अशी की अग्नी पेटवण्याचे शास्त्र मला शिकवायला कुणी यायची गरज नव्हती. माझा जन्म त्यातच गेला. आमचे वीजकेंद्र आज २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. मी ज्या बॉयलरांवर काम केले त्यांच्या भट्ट्या कित्येक मजले उंच आहेत. अशी भट्टी कशी पेटवतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. बटण दाबले आणि पेटली, असे होत नाही. आधी मोठे पंखे लावून भट्टीतून ठरावीक प्रमाणात वारा खेळवतात. निदान पाच मिनिटे. आत कुठे न जळलेला वायू किंवा कोळशाची भुकटी साचली असेल, तर ती बाहेर गेली पाहिजे. नाहीतर पहिल्याच ठिणगीला भट्टी फुटायची. ह्याला आम्ही 'पर्ज' म्हणतो. ही पाच मिनिटे पुरी झाल्याखेरीज यंत्र तुम्हांला ठिणगी पाडूच देत नाही. मग तुम्ही नवशिके असा की मुख्य अभियंता असा, मुंबईहून विजेसाठी कितीही फोन येवोत! त्यानंतर तेलाची ज्योत, आणि ती स्थिरावल्यावर कोळसा. आत डोळ्यांसारखी उपकरणे ज्योतीकडे टक लावून असतात. ज्योत हरपली की इंधन आपोआप बंद, आणि पुन्हा पेटवायचे तर पुन्हा तीच पाच मिनिटे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत ह्या पाच मिनिटांचा मला भारी कंटाळा येई. पुढे कळले की त्या साऱ्या अवाढव्य कारखान्यात शहाणपण म्हणून जे काही आहे, ते ह्या पाच मिनिटांत आहे.

लोखंडाच्या भट्टीला जे बंधन आम्ही घातले, ते स्वतःला घालण्याचे मला कधी सुचले नाही. माझ्या आत इच्छेचा वायू साचलेला, आणि ठिणगी खिशात!

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सोय वाईट, अडचण चांगली, असे तुम्हांला म्हणायचे आहे काय? हा आक्षेप आमच्या घरात आधीच निघाला. विस्तव मागायला जाण्याच्या गोष्टी मी रंगवून सांगू लागलो, तेव्हा ही म्हणाली, "तुम्हांला गोष्टी सांगायला छान वाटते. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर फुंकून फुंकून डोळे गेले ते सासूबाईंचे." ह्यावर मला उत्तर नाही, आणि ते शोधण्याची माझी इच्छाही नाही. ज्या विस्तवावर लेकरांची भाकरी भाजायची आहे तो एका क्षणात पेटावा. तिथला विलंब हा निव्वळ जाच होय. परंतु सगळे विस्तव सारखे नसतात. गरजेच्या वाटेतली अडचण काढून टाकणे ही सुधारणा. हौसेच्या वाटेतली अडचण काढून टाकली, तर तिथे बसलेला पहारेकरीच आपण उठवून लावतो. आणि हौस कोणती, गरज कोणती, हे ठरवायलाही थोडा वेळ लागतोच. नेमका तोच वेळ चांगला लायटर खाऊन टाकतो.

ह्याहून सूक्ष्म फसवणूक निवडीच्या त्या दोन महिन्यांत झाली होती. मी वाऱ्याचा विचार केला, वासाचा केला, लाकडाच्या कडेचा केला, किमतीचा केला. एवढा विचार केल्यावर आपण विचारी माणूस आहोत असे कुणाला वाटणार नाही? पण ज्या गोष्टीसाठी तो लायटर हवा होता तिच्याविषयी मी एक अक्षरही मनात आणले नव्हते. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, ही माझी जुनी सबब. ती खोटी आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपवाल्यांनाही होतो, हे डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले होते. साधनाची निवड चोख झाली की साध्याची चौकशी झाल्यासारखी वाटते. हे केवळ तंबाखूचेच नव्हे. लग्नाचे कार्यालय निवडताना, मुलाला शाळेत घालताना, घर बांधताना आपण असेच तर करीत नसतो ना?

मी पाइप सोडला, असे लिहून हा लेख गोड करता आला असता; पण दिवाळीच्या दिवसांत खोटे कशाला बोला? मी सोडलेला नाही. एवढेच केले आहे की तो सुंदर लायटर हिच्या स्वाधीन केला आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे तो असतो. ओढण्याची इच्छा झाली की मला उठून तिथपर्यंत जावे लागते, आणि आजीच्या काळासारखा विस्तव मागावा लागतो. ती 'नको' म्हणत नाही. हातातले काम संपवते, हात पुसते, डबा बाजूला करते आणि लायटर माझ्या हातावर ठेवते. ह्या सगळ्याला चांगली पाच मिनिटे लागतात. एक शब्दही बोलणे होत नाही. पण त्या पाच मिनिटांत माझी भट्टी बरीच स्वच्छ होते. पुष्कळदा मी नुसताच चहा घेऊन परत येतो. सध्या दिवसाला एकावर आलो आहे.

ह्या दिवाळीला पहिली पणती त्याच लायटरने लावायची असे मी हिला सुचवले. ती हसून म्हणाली, "पहिली लावा हवी तर. पुढच्या सगळ्या मात्र तिच्यावरूनच लावायच्या."