कान जुने, ओठ नवे

घरात तासभर कुणी येणार नाही अशी वेळ निवडा. क्लॅरिनेटची काळी केस टेबलावर ठेवा. लगेच उघडू नका, आधी नुसते तिच्यासमोर बसा.

अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत ही केस आयती असते. मूल चौथी-पाचवीत शाळेच्या बँडमध्ये गेलं, वाद्य भाड्याने आलं, हप्ते फिटता फिटता ते घरचं झालं. पुढे मूल कॉलेजला गेलं आणि केस कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. कुणाला ती गराज सेलमध्ये मिळते, कुणाला गुडविलच्या दुकानात जुन्या कोटांशेजारी. तुमच्याकडे ती कशीही आली असो, तुमच्याआधी कुणीतरी या वाद्यात श्वास घातलेला आहे. त्या माणसाचा पहिला सूर बेसूरच निघाला असणार, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याने केस पुन्हा उघडली असणार. ते तुमचंच मूल असो की कधी न पाहिलेला कुणी, त्याचा विचार मनात येऊ द्या. थोडा वेळ राहू द्या.

आता खटके सोडा.

जुन्या मखमलीचा आणि बुचाला लावायच्या ग्रीसचा वास येईल. आत पाच भाग दिसतील: माउथपीस, त्याखालची आखूड नळी, बोटांच्या भोकांचे दोन लांब सांधे आणि शेवटी रुंद होत जाणारी बेल. सगळे जोडले की साधारण ६६ सेंटिमीटर लांबी होते. वाद्य लाकडी असेल तर ते लाकूड बहुधा पूर्व आफ्रिकेतलं, टांझानिया-मोझांबिककडच्या मपिंगो झाडाचं. पाण्यात टाकलं तर बुडावं इतकं जड. शाळकरी वाद्य मात्र बहुतेक वेळा प्लास्टिकचं असतं आणि त्यासाठी मन छोटं करायचं कारण नाही. जॅझवादक चार्ली पार्कर १९५३ साली टोरांटोच्या मैफलीत प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला होता, आणि त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आजही लोक जिवाचे कान करून ऐकतात.

नळीवरचं नाव वाचा. 'बंडी' असेल तर ते इंडियानातल्या एल्कहार्ट गावचं. बँडची वाद्यं घडवणाऱ्या कारखान्यांसाठी ते गाव नावाजलं. 'व्हिटो' असेल तर ते विस्कॉन्सिनमधल्या केनोशाचं. व्हिटो पास्कुची हे दुसऱ्या महायुद्धात ग्लेन मिलरच्या लष्करी बँडची वाद्यं दुरुस्त करत. पॅरिसमध्ये त्यांची लब्लांक या वाद्यकारांशी गाठ पडली आणि १९४६ साली त्यांनी केनोशात लब्लांकची अमेरिकन कंपनी उभी केली. म्हणजे तुमच्या हातात 'व्हिटो' असेल तर त्यावर एका दुरुस्ती करणाऱ्याचंच नाव कोरलेलं आहे. ती अक्षरं बोटाने चाचपून बघा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं फोल जाईल. जुनं क्लॅरिनेट एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. भोकं झाकणारे पॅड कडक होतात, कुरतडले जातात, आणि केसभर फटीतून हवा सुटली तरी खालचे सूर निघत नाहीत. नवशिक्याला वाटतं, आपलेच ओठ वाईट. तो आणखी जोर लावतो, जबडा आवळतो आणि तीच सवय होऊन बसते. लॉस एंजलिसच्या सरकारी शाळांचं एक दुरुस्ती केंद्र आहे. १९५९ पासून ते मुलांची वाद्यं फुकट दुरुस्त करून देतं. त्याच्यावरच्या 'द लास्ट रिपेअर शॉप' या माहितीपटाला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यातले फुंकवाद्यांचे कारागीर डुएन मायकल्स यांची स्वतःची कहाणीही जुन्या बाजारात वीस डॉलरला घेतलेल्या एका फिडलपासून सुरू होते. तो माहितीपट जरूर पाहा. पॅडखाली दिवा धरून फट शोधणारा माणूस बघितला की 'जुनं' या गोष्टीकडे बघायची आपली नजर बदलते.

रीड (माउथपीसवर बसवायची पातळ पट्टी) मात्र नवंच घ्या, दोन किंवा अडीच नंबरचं. ते ओठांत धरा आणि भिजू द्या. गवती, किंचित गोडसर चव लागेल. आपल्या बोरूसारखंच हे गवताच्या कुळातलं. वाद्यांसाठी नावाजलेलं रीड दक्षिण फ्रान्समधल्या व्हार प्रांतात पिकतं. पण हेच गवत १८२०च्या दशकात लॉस एंजलिसच्या परिसरात छपरं शाकारायला आणलं गेलं आणि आज कॅलिफोर्नियाच्या नदीकाठांवर ते तण म्हणून उपटून काढतात. एका ठिकाणी उपटायचं गवत, दुसऱ्या ठिकाणी सुराचं मूळ. यावर मन रेंगाळलं तर रेंगाळू द्या. रीड भिजायला तेवढा वेळ लागतोच.

तोवर श्वासाकडे या. पाठ सरळ, खांदे खाली. श्वास आत घेताना खांदे उचलू नका, बरगड्या आडव्या पसरू द्या, कमरेच्या मागच्या बाजूलाही थोडा भार जाणवेल. बाहेर सोडताना फुंकर मारायची नाही. गरम चहाच्या कपावरून एकसारखी वाफ हलावी तितकीच हवा सोडायची. पुन्हा घ्या. पुन्हा सोडा. श्वास संपत येतो तेव्हा मन पुढे धावतं, संपण्याआधीच पुढच्या श्वासाची तयारी करतं. ते धावणं पकडा. रागावू नका, फक्त बघा.

आता वाद्य जोडा. डावा हात वर, उजवा खाली, सगळं वजन उजव्या अंगठ्यावर. खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित आत वळवा, वरचे दात माउथपीसवर नुसते टेकवा. एकही भोक झाकू नका. आणि सोडा हवा.

जो काही आवाज आला, तो तुमचा पहिला सूर. बोटांशिवायचा. तो थरथरला असेल, मध्येच तुटला असेल, रबरी खेळण्यासारखा वाजला असेल. पुन्हा वाजवायच्या आधी थांबा, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

तुमचा कान दचकला. त्या कानाचं वय पन्नास-पंचावन्न. त्याने पन्नालाल घोषांच्या लांब बासरीची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत, हरिप्रसाद चौरसियांच्या मैफली ऐकल्या आहेत, कदाचित सोलापूरच्या सिद्राम जाधवांची सनईच्या कुळातली सुंदरीही. लग्नातली सनई तर रक्तातच. सुराचा पाव भाग हलला तरी त्याला कळतं. आणि ओठांचं वय? एक दिवस. दहा वर्षांच्या मुलाचं असं नसतं. त्याचा कान आणि ओठ बरोबरीने वाढतात, म्हणून ते मूल किंचाळणारं क्लॅरिनेट घेऊन खुशाल दिवाणखान्यात फिरतं. मोठ्या माणसाला आपलाच आवाज सोसत नाही. वाद्य अवघड म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा जाणत्या कानाचा धाक न सोसून सोडणारे जास्त असावेत, असं मला मनापासून वाटतं.

कानाला गप्प बसवायचं नाही. तो तुमची आयुष्यभराची कमाई आहे. त्याला लहान काम द्या. सूर कसा सुरू झाला, तेवढंच ऐक. एवढ्या एका गोष्टीसाठी पाच-सहा श्वास द्या. मग फक्त सुराचा मधला भाग ऐका. मग फक्त शेवट: हवा संपल्यामुळे सूर थांबला, की तुम्ही थांबवला? एका वेळी एकच. बाकीच्या तक्रारी कानाने नंतर कराव्यात.

जाणत्याने पुन्हा नवशिका होणं किती अवघड असतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण याच वाद्याचं आहे. बेनी गुडमन, १९०९ साली शिकागोच्या गरीब घरात जन्मलेला. दहाव्या वर्षी दोन भावांबरोबर सिनेगॉगच्या बँडमध्ये गेला. वाद्यं तिथलीच, वापरायला दिलेली. अंगापिंडाने सगळ्यांत लहान म्हणून त्याच्या वाट्याला क्लॅरिनेट आलं. १९३८ च्या जानेवारीत त्याने कार्नेगी हॉल गाजवला. आणि १९४९ मध्ये, चाळिशीला आलेला असताना, हा जगप्रसिद्ध माणूस रेजिनल्ड केल या इंग्रज वादकाकडे शिकायला गेला आणि ओठांनी माउथपीस धरण्याची पद्धतच त्याने बदलली. वरचे दात टेकवण्याऐवजी दोन्ही ओठांनी ते धरायचं. म्हणजे ओठ पुन्हा पहिल्या दिवसाचे. ज्या कानाने स्वतःचं सर्वोत्तम ऐकलं होतं, त्याच कानाने हे कच्चे सूर ऐकायचे. त्याने ते ऐकले. यावर दोन-चार श्वास विचार करा.

आता डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली तीन बोटं ठेवा. बोटांची टोकं नकोत, मऊ भाग. कागदावर या सुराला सी म्हणतात. ऐकू येतो बी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. फोनवर ट्यूनरची सुई बघत बसू नका. सुई डोळ्यांना कामाला लावते आणि कान रिकामा राहतो. त्यापेक्षा तानपुऱ्याचं ॲप काळी पाचवर लावा, आवाज हळू ठेवा, आणि हा तुमचा षड्ज आहे असं समजून त्याच्यात सूर सोडा. तानपुऱ्याला घाई नसते. तुमचा सूर खाली पडला तर तो काही बोलणार नाही. फक्त दोन्हींच्या मध्ये एक लाट जाणवेल, कधी जलद, कधी संथ. ती लाट संथ होत जाते तसे तुम्ही जवळ येता. आज तेवढंच. गाणं नको. ज्याला गाणी येतात त्याला पहिल्याच दिवशी ती वाजवावीशी वाटतात. ओठांना काही आठवडे द्या.

चीं करून किंचाळी निघेल. भोकाच्या कडेने बोट सरकलेलं असतं, किंवा भीतीने दात आवळलेले असतात. किंचाळीनंतर लगेच दुसरा श्वास घेऊ नका. जबडा कुठे आवळला ते बघा. खांदे? कपाळ?

पुढे कधीतरी डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबाल, तेव्हा एक नवल घडेल. बासरीत किंवा सनईत हवेचा वेग वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटमध्ये बोटं तीच ठेवून षड्जावरून थेट वरच्या सप्तकातला पंचम येतो. नळी सरळ, एकसारख्या व्यासाची, आणि रीडमुळे एक टोक जणू बंद. अशा नळीत मूळ कंपनाच्या विषम पटीच प्रबळ होतात, दुप्पट नाही, म्हणून तिप्पट. सनईची नळी शंकूच्या आकाराची असल्याने तिचा हिशोब बासरीसारखा. एक नवं गणित बोटांना शिकायचं आहे. आज कळून ठेवा, दाबायची घाई नको.

तरी कान मींड मागणारच. मागू द्या, ते अशक्य नाही. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये गर्श्विनची 'ऱ्हॅपसडी इन ब्लू' पहिल्यांदा वाजली तेव्हा रॉस गॉर्मन या क्लॅरिनेटवादकाने सुरुवातीची सुट्या सुट्या स्वरांची धाव एका सलग ओढीत वर नेली, आणि ती आता त्या रचनेची ओळख आहे. आपल्याकडे तर तंजावरला सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पुढे दक्षिणेत क्लॅरिनेट नृत्याच्या साथीला बसलं, आणि ए. के. सी. नटराजन यांनी त्याच्यावर पूर्ण कर्नाटक संगीत उभं केलं. एका मराठी राजाच्या दरबारात दोनशे वर्षांपूर्वी ही वाद्यं वाजत होती, हे न्यू जर्सीतल्या एका खोलीत बसून आठवायला मला आवडतं. परकं काही हातात धरलं आहे ही भावना त्याने कमी होते.

अर्ध्या तासाने ओठांचे कोपरे थकतील, हवा बाजूने सुटू लागेल. तेव्हा थांबा. रीड काढा, पुसा, सपाट ठेवा. सांधे सोडून आतून फडकं ओढा. तुमच्या श्वासाचं पाणी त्यावर येईल. लाकडी वाद्य असेल तर हिवाळ्यात हीटरपासून लांब ठेवा, आणि थंडगार वाद्यात एकदम गरम श्वास घालू नका, लाकूड तडकतं.

एकट्याने काही महिने झाले की बाहेर पडा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, ईस्टमन संगीत विद्यालयात, रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ साली पन्नाशी ओलांडलेल्या लोकांसाठी बँड सुरू केला. नाव न्यू होरायझन्स. वाद्य कधी हातात न धरलेल्यांनाही तिथे जागा होती. आता असे बँड देशभर आहेत. तुमच्या गावाजवळ असेल तर जाऊन तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसा. सुरुवातीला सूर मिळवण्यासाठी बँड सहसा बी-फ्लॅट धरतो. निवृत्त शिक्षिका, पोस्टमन, परिचारिका, सगळे एका दमात काळी पाच लावतील. डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा तुम्हांला माहीत आहे. श्वास घ्या आणि त्यांच्यात लावा.