वीणा खाली ठेवू नये



ज्येष्ठ महिना जवळ आला की नोकरी करणाऱ्या तरुण माळकऱ्यांच्या मनात एक विचार घोळू लागतो. कोणाला वारीसाठी रजा मिळत नाही, कोणाला दुसरीकडे बरा पगार मिळत असतो, कोणाला शहर सोडून गावी आईवडिलांजवळ यायचे असते. नोकरी सोडायची हे ठरलेले असते. मालकाला किती दिवस आधी सांगावे, एवढेच ठरत नाही. वरवर पाहिले तर हा व्यवहाराचा प्रश्न आहे. पण आपण गेल्यावर आपले ओझे कोणाच्या डोक्यावर पडते, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे, आणि तो धर्माचा आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

आधी कागद काय सांगतो ते पाहा. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली केंद्राने कारखान्यांसाठी नमुना आदेश केले. त्यांत मासिक पगारावरच्या कायम कामगाराला एक महिना आणि इतर कायम कामगारांना दोन आठवडे अशी लेखी नोटीस सांगितली, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार. त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मुदत दोन्हीकडे सारखीच ठेवली होती. मालकाने काढले तरी महिना, कामगाराने सोडले तरी महिना. राज्य सरकारच्या सेवकाला वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर तीन महिने आधी कळवावे लागते. खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन महिने लिहिलेले असतात. ज्यावर आपण सही केली ती मुदत पाळावी, हा पहिला नियम. घेताना गोड लागलेला कागद सोडताना कडू लागला, एवढ्याने तो खोटा होत नाही.

पण आपल्यातल्या कितीतरी जणांजवळ कागदच नसतो. किराणा दुकानातला पोऱ्या, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, घरकामाची बाई, शेतावरचा सालगडी. यांनी किती दिवस धरावे?

इथे जुन्या लोकांची रीत पाहण्यासारखी आहे. मराठवाड्यात, विदर्भात सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला संपते. पाडवाच का? कारण तोवर रब्बीचे खळे उरकत आलेले असते आणि पेरणीला अजून अवकाश असतो. गड्याला दुसरे घर पाहायला सवड मिळते, मालकाला दुसरा गडी पाहायला. पाडव्याच्या आधी आठ दिवस सांगितले तरी कोणाचे अडत नाही. तोच गडी मृगाच्या तोंडावर पंधरा दिवस आधी सांगून गेला, तरी रान पडीक राहण्याची भीती असते. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी नुसते दिवस मोजले नाहीत, कामाचा हंगाम मोजला. शिक्षकाने परीक्षेच्या तोंडावर, हिशेबनिसाने मार्चअखेरीला, आचाऱ्याने लग्नाच्या आदल्या रात्री निघणे बरे नव्हे, ते यासाठीच.

दिंडीतलाच दाखला घ्या. दिंडीचा आचारी फलटणच्या मुक्कामी म्हणाला, ‘तीन दिवसांनी मी निघतो,’ तर मोठे गाव आहे, दिंडीचालक हातपाय हलवून दुसरा आचारी गाठील. तेच तीन दिवस त्याने वाखरीजवळ आल्यावर सांगितले, तर ऐन एकादशीच्या गर्दीत माणूस कुठून आणायचा? सांगणाऱ्याचे दिवस तेवढेच राहिले, ऐकणाऱ्याचे मात्र राहिले नाहीत. म्हणून किती दिवस आधी सांगावे याचे माप आपल्या सोयीत नाही. आपल्या जागी दुसरा उभा राहायला किती दिवस लागतील, त्यात ते आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा तुम्ही पाहिला आहे, कित्येकांनी केलाही आहे. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. आपली वेळ संपली म्हणून कोणी ती भिंतीला लावून घरी जात नाही. पुढचा पहारेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. नोकरी सोडण्याचा सगळा धर्म या रीतीत आला.

यावर कोणी विचारील, ‘महाराज, पुढचा आलाच नाही तर? मी जन्मभर उभाच राहू काय?’ नाही. पहाऱ्याची यादी करणे हे सप्ताहाच्या चालकांचे काम आहे, पहारेकऱ्याचे नाही. तसेच दुसरा माणूस शोधणे हे मालकाचे काम. आपण दिलेली मुदत पुरी करायची आणि काम नीट हवाली करायचे, इथवर आपला धर्म. मुदत संपल्यावरही ‘माणूस मिळेना’ म्हणून कोणी अडवून धरले, तर हात जोडून निघावे, त्यात दोष नाही. आणि जिथे पगार अडकवतात, अंगावर हात टाकतात, जिवाला धोका असलेले काम लादतात, तिथे एक दिवसही थांबण्याचे बंधन नाही. सप्ताहाच्या मांडवाला आग लागली तर वीणेकऱ्यानेही बाहेरच पडायचे असते.

दुसरी शंका याहून अवघड आहे. ‘खरे सांगितले की मालक त्याच दिवशी हिशेब करून काढतो. मग आधी सांगायचे कशाला?’ ही भीती खरी आहे. पोटापाण्याची गोष्ट आहे. म्हणून नवी जागा पक्की होईपर्यंत गप्प राहण्यात खोटेपणा नाही, मनातला प्रत्येक विचार मालकाला सांगायला आपण बांधील नाही. पण पक्के झाल्यावर एक दिवसही लपवू नये. आणि एक भेद ध्यानात ठेवा. दिवाळीचा बोनस हा झालेल्या कामाचा असतो, तो घेऊन निघाले तर चोरी नव्हे. उचल मात्र पुढच्या कामाची असते. जायचे पक्के असताना उचल घेणे, किंवा आपल्या भरवशावर मालकाला नवे काम अंगावर घेऊ देणे, हे गप्प राहणे नव्हे, हे फसवणे आहे.

‘नोटिशीचे पैसे भरले की झाले,’ असेही काही म्हणतात. कागदात तशी सोय असेल तर मालकाचे देणे फिटले. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्या पैशातला एक रुपया मिळत नाही, आणि काम तर त्याच्यावरच पडते. पैसे भरूनही चार दिवस त्याच्याजवळ बसावे, कुठली किल्ली कुठे, कोणाचे येणे किती, हे सांगून जावे.

आता तिसरी शंका, खास आपली. ‘मी तर पांडुरंगासाठी सोडतो आहे, मला कसली मुदत?’ मंडळी, पंढरीचा देव विटेवर का उभा आहे ते आठवा. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. प्रत्यक्ष देव दारी आला तरी त्याने हातातली सेवा टाकली नाही, वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, युगानुयुगे थांबला. तुकोबारायांचीही कथा परंपरा सांगते. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडताना त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याचे कागद आधी त्यांच्या हाती दिले आणि आपल्या वाट्याचेच बुडवले. स्वतःचे सोडायला क्षण लागला नाही, दुसऱ्याचे मात्र मोजून दिले. देवासाठी निघालेल्यांनी असे केले असेल, तर पगारवाढीसाठी निघालेल्याने काय करावे हे वेगळे सांगायला नको. नवा मालक ‘उद्याच या’ म्हणाला, तर त्याला महिनाभर थांबायची विनंती करावी. जो आज दुसऱ्याचे काम टाकून आपल्याकडे आला, तो उद्या आपलेही टाकील, हे शहाण्या मालकाला कळते.

शेवटी वाचकांतल्या मालकांना दोन शब्द. तुमच्या शेतावर गडी असेल, दुकानात नोकर असेल, म्हाताऱ्या आईची उठबस करायला कोणी बाई येत असेल. तिने महिनाभर आधी सांगावे असे तुम्हाला वाटते. मग ‘उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य तुमच्याही तोंडी येऊ नये. तिच्याही घरी चूल आहे. आणि तिने जायचे म्हटले तर तोंड फिरवू नका, राहिलेला पगार त्याच दिवशी हाती द्या. जो प्रामाणिकपणे सांगतो त्याला शिक्षा होते, हे एकदा दिसले की पुढचा माणूस न सांगता जायला शिकतो.

तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे. कागद असेल तर कागदाप्रमाणे, नसेल तर निदान महिनाभर आधी आणि कामाचा हंगाम पाहून सांगावे. राहिलेल्या दिवसांत पहिल्या दिवसासारखे काम करावे, आणि निघताना ज्याच्या हाती काम दिले त्याला नमस्कार करावा. रामकृष्णहरी.