ओळख की जुळणी?

सी-अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याला संततीसाठी जोडीदाराचा स्पर्श लागत नाही. नर-मादी आपापली बीजे पाण्यात सोडून मोकळी होतात. तरी अंडे बहुधा स्वजातीच्याच शुक्रजंतूला आत घेते. शुक्रजंतूच्या टोकाशी ‘बाइंडिन’ नावाचे प्रथिन असते. व्हिक्टर व्हॅकिए व गॅरी मॉय यांनी ते १९७७ साली वेगळे काढले. कुलपात किल्ली बसावी तसे ते अंड्याच्या आवरणाला बसते. यालाच शास्त्र ‘ओळख’ म्हणते.

पण किल्लीला कुलूप ठाऊक असते काय? परक्याला नाकारण्यात अंड्याचा दोष नाही. त्याला निराळे वागताच येत नाही. आपणही आडनाव, बोली जुळली की दार उघडतो आणि म्हणतो, माणूस ओळखला. ती नुसती जुळणी झाली. न जुळणाऱ्यालाही दार उघडणे आपल्याला शक्य आहे. ओळख तेथून सुरू होते.