स्मृती, साचा आणि सत्य

आत्मकथनाच्या समीक्षेत ‘हे असेच घडले होते काय?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्यामागे स्मृती म्हणजे जसेच्या तसे जपलेले दप्तर, हे गृहीतक असते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच त्याला छेद दिला. उत्तर अमेरिकेतील एका आदिवासी कथेचे पुनःकथन करताना त्यांच्या इंग्रज वाचकांनी अपरिचित तपशील गाळले आणि सीलच्या शिकारीची मासेमारी करून टाकली. आठवणे ही पुनर्रचना असते. तिचा साचा संस्कृतीने आधीच पुरविलेला असतो.

हा साचा अटळ असेल, तर स्मरणकर्त्याच्या नैतिक उत्तरदायित्वाचे काय?

नागपूरचा इतिहास येथे बोलका ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. जनमानसात रुजलेल्या सणाला ‘अशोक विजयादशमी’ म्हणून निराळा अर्थ लाभला. पुढे तिथी आणि तारीख यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरीही दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो तो प्रामुख्याने दसऱ्याला. जुना साचा येथे नव्या स्मृतीचे वाहन झाला. साचा म्हणजे केवळ विपर्यास, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

याच नगरातील वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बालपण धर्मांतरानंतरच्या जाणिवेतून पाहिलेले आहे, हे खरेच. परंतु त्यात खेळ आहेत, सण आहेत, वस्तीचा रांगडा उत्साह आहे. ‘बलुतं’ (१९७८) पासून दलित आत्मकथनात केवळ वेदनाच शोधू लागलेला वाचक ही पाने सहज विसरू शकतो. मग साच्यात अडकलेला कोण? लेखक की वाचक?

स्मृतीच्या प्रामाणिकपणाची कसोटी साच्याच्या अभावात शोधणे व्यर्थ आहे. आपल्या साच्यात न बसणाऱ्या तपशिलाला ती जागा देते काय, हे पाहावे लागेल. हीच कसोटी समीक्षकाच्या स्मरणालाही लागू होते. ज्यांचा भूतकाळ दप्तरांत क्वचितच नोंदला गेला, त्यांच्याकडे पुरावा मागणाऱ्याने आपण काय वाचले आणि त्यातले काय विसरलो, याचाही हिशेब दिला पाहिजे.