परमुलखात लावायचा कान

नोकरीनिमित्त परमुलखात गेलेल्या माणसाने त्या मुलखाला काय द्यावे, याची चर्चा आपल्या मंडळांतून वारंवार होते. त्याने त्या मुलखाकडून काय घ्यावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः नीतीच्या दृष्टीने दुसराच प्रश्न अधिक अवघड आहे. कारण देणाऱ्याचा हात वर असतो, आणि घेण्यासाठी तो खाली आणावा लागतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस एका ज्यू संगीतज्ञाची कारकीर्द आठवते. वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांनी युरोपीय संगीताचे उत्तम शिक्षण घेतले. पुढे ज्यूंना मध्य युरोपात जगणे कठीण होऊ लागले, तेव्हा १९३४ साली ते मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी तेथे युरोपीय संगीताची एक मंडळी स्थापन केली, आणि १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळली. आकाशवाणीची जी परिचयधून आपण सर्वांनी लहानपणापासून पहाटे ऐकली, तिचे कर्तृत्व बहुधा त्यांच्याकडेच दिले जाते.

परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. हिंदी संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा ते संगीत त्यांना सर्वस्वी परके व अनाकलनीय वाटले. अशा वेळी विद्वान माणूस सहसा त्या संगीताला अविकसित ठरवून मोकळा होतो. कॉफमन यांनी उलट अनुमान काढले. ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात ते निरर्थक असू शकत नाही. तेव्हा दोष आपल्या कानाचा आहे, आणि ते जेथे जन्मले तेथे जाऊनच ते शिकले पाहिजे. या एका अनुमानावर त्यांचे उरलेले आयुष्य उभे राहिले. १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ते शिकवू लागले, आणि १९६८ साली त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनाला लागते. १९४१ साली कॉफमन यांनी गोंड व बैगा यांच्या लोकगीतांवर एक लेख प्रसिद्ध केला, आणि १९६० साली बस्तरमधील मुरिया व माडिया गोंडांच्या गीतांवर दुसरा. ते बस्तर आमच्या या पाऱ्यापासून अवघे ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. कार्ल्सबाडच्या माणसाचा कान तेथवर पोहोचला. येथे बदलून आलेले कित्येक मराठी अधिकारी मात्र ‘पारा’ म्हणजे आपली आळी, एवढेच शिकून पुढच्या बदलीचा हुकूम हाती घेतात.

यावर कोणी म्हणेल की, ते निर्वासित होते. त्यांना ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हते. या आक्षेपात तथ्य आहे. पोट भरण्यासाठी त्यांना मुंबई समजून घ्यावी लागली असेल. परंतु गोंडांची गीते समजून घेतल्याने कोणाचे पोट भरत नाही. शिवाय हा आक्षेप आपल्यावरच उलटतो. निर्वासिताने ऐकले नाही तर त्याचेच नुकसान होते. अधिकाऱ्याने ऐकले नाही तर त्याचा पगार थांबत नाही की बढती अडत नाही. नुकसान होते ते त्याच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे. म्हणून ज्याला ऐकण्याची सक्ती नाही, त्याच्यावर ऐकण्याचे कर्तव्य अधिक आहे.

दुसरी भीती अशी की, असे ऐकता ऐकता आपले आपलेपण विरघळून जाईल. कॉफमन यांचे तसे झाले नाही. मुंबईत त्यांची युरोपीय मैफल चालूच राहिली. रायपुरात आणि पेंड्र्यात वावरलेल्या माधवराव सप्र्यांचेही झाले नाही. त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. हिंदीचे होऊन त्यांनी मराठीचीच सेवा केली.

आणि घेणे हे कमीपणाचे वाटत असेल, तर महाराष्ट्राने स्वतः काय घेतले ते आठवावे. अल्लादिया खाँसाहेब राजपुतान्यातील उनियाऱ्याचे. १८९५ साली ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आले. त्यांच्या ब्रज बोलीतील चिजा केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर बसून गळ्यावर चढवल्या. आज ती गायकी आपण अभिमानाने ‘आपली’ म्हणतो. ती आपली झाली, कारण परक्या उस्तादासमोर बसून ऐकण्यात त्या शिष्यांनी कमीपणा मानला नाही.

गाण्याच्या तालमीत शिष्य आधी ऐकतो आणि मग आ लावतो. परमुलखातील आपल्या वास्तव्यालाही हाच क्रम लागू व्हावा, असे आम्हांस वाटते. सरकार आपणांस तीन वर्षे देते. शेजारच्या माणसाची बोली कानात मुरायला तेवढी पुरेशी आहेत.