हौस आणि मिरवणे

'हौस' हा शब्द आपल्याला इतका घरगुती वाटतो की तो मूळचा मराठी नाही हे सांगूनही पटत नाही. तो आला अरबीतून. म्हणजे ज्या भाषेच्या मुलखात आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, तिथलाच तो. अरबीत 'हवस' म्हणजे वेड, डोक्यात शिरलेला ध्यास. हिंदी-उर्दूत गेल्यावर त्याला वासनेचा वास आला. मराठीत मात्र तो सुधारला. आपल्याकडे मुलाबाळांची हौस असते, सणावाराची हौस असते, नाटकाची हौस असते, आणि नवऱ्याने एखादी साडी आपणहून आणली तर 'हौसेने आणली' असे कौतुकाने म्हणतात.

तरीसुद्धा हौसेबद्दल आपल्या मनात दोन आवाज कायम असतात. एक म्हणतो, हौसेला मोल नसते. दुसरा म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोन्ही वाक्ये आपण बहुधा एकाच आईच्या तोंडून ऐकलेली असतात. परदेशात आल्यावर हे भांडण आणखी तीव्र होते. इथला एक दिनार म्हणजे तिकडचे दोनशेहून अधिक रुपये, हा गुणाकार आपल्या डोक्यात दिवसरात्र चालू असतो. गावाकडे आईवडिलांचे औषधपाणी, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते, मुलांचे शिक्षण. प्रत्येक दिनाराला कोणी ना कोणी वारस आधीच ठरलेला. अशा माणसाने निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी खर्च करावा का? करावा तर कुठपर्यंत?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक अवघड उदाहरण घेते. अवघड अशासाठी, की पेटी, पुस्तके, बागकाम या हौसांना कोणी नावे ठेवत नाही. पण दोन सीटची, बिनछपराची, जेमतेम दोन पिशव्या मावतील एवढ्या डिकीची स्पोर्ट्स कार आपल्यासारख्या चौकोनी कुटुंबातल्या माणसाने घ्यावी, आणि वर ती घेऊन सुट्टीच्या सकाळी रिकाम्या मैदानावर घड्याळाशी शर्यत लावावी, हे ऐकले की चांगल्या चांगल्या समंजस माणसांच्या भुवया वर जातात. आमच्या घरात अशी एक जुनी, दुसऱ्या हाताची माझदा मियाटा आहे. त्यामुळे त्या भुवया मी जवळून पाहिल्या आहेत.

आधी ही गाडी म्हणजे काय ते सांगायला हवे. हिचे कुळ इंग्लंडचे. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरने १९५७ साली लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. वजन सुमारे पाचशे किलो. पुष्कळ लोक ती सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरच्या गॅरेजात जोडत, कारण तशी घेतली की कर वाचे. चॅपमनचा विचार साधा होता. इंजिनाची ताकद वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण वजन कमी केले की ती सगळीकडेच चपळ होते; वेग घेताना, वळताना आणि थांबतानाही. १९६२ साली त्याची लोटस एलान आली, त्याच वर्षी एमजीबीही आली. एमजीबी १९८० पर्यंत बनत राहिली. पुढे इंग्लंडमधला तो कारभार आटला. मग १९८९ साली जपानच्या माझदाने तीच कल्पना नव्याने उचलली आणि एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, बाजारात आणली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीचा दहा लाखांचा आकडा पुरा झाला. आपल्या बाजूलाही असा एक प्रयत्न झाला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची उघडी गाडी तयार होऊ लागली. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन. फार खपली नाही, पण हौसेने बनवलेली गाडी होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पैशांचा. याला नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की जुनी मियाटा ही नव्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि ती एसयूव्ही पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर तिला कोणी चैन म्हणत नाही. हे खरे आहे, पण हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. दुसऱ्याची उधळपट्टी मोठी आहे म्हणून आपली लहान उधळपट्टी योग्य ठरत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही हौस कोणाच्या ताटातून येते? ज्यांचा आपल्या कमाईवर हक्क आहे त्यांचे देऊन झाल्यावर जे उरते, त्यातला आपला वाटा आपण खर्च केला, तर त्यात चोरी नाही. पण आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून लांबवले आणि टायर बदलले, तर ते टायर कितीही स्वस्त मिळाले तरी महागच. ऋण काढून सण आपण करत नाही. ऋण काढून हौसही करू नये.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ही हौस आहे की मिरवणे? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपले भाग्यच. हौस ही आपण आणि ती वस्तू यांच्यातली गोष्ट असते. मिरवायला मात्र तिसरा माणूस लागतो, बघणारा. आखातात मिरवण्याचा मोह मोठा. घरभाड्यावरून, गाडीवरून, मुलांच्या शाळेवरून इथे माणूस पटकन मोजला जातो. मग उघडी लाल गाडी म्हणजे मिरवण्याचीच वस्तू नाही का?

इथे ऑटोक्रॉसची गोष्ट सांगायला हवी. ऑटोक्रॉसला मोठे सर्किट लागत नाही. एक मोठे रिकामे डांबरी मैदान घेतात. रस्त्याच्या कामाच्या वेळी ठेवतात तसे नारिंगी शंकू मांडून त्यावर नागमोडी वाट आखतात. गाडी चालवण्याआधी सगळे स्पर्धक त्या वाटेवरून पायी फिरून वळणे पाठ करतात. मग हेल्मेट घालून एकेकाने जायचे. फेरी असते साधारण मिनिटभराची. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. बऱ्याच ठिकाणी दर शंकूला दोन सेकंद. वाट चुकली तर ती फेरी बादच. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळे कोणाला मागे टाकल्याचा आनंद नाही. वेग बहुतेक वेळा हायवेवरच्या वेगापेक्षा जास्त नसतो, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात फारशी मजाही नाही. मैदानावर असतात ती ऊन खात उभी असलेली, तोंडावर धूळ बसलेली आपल्यासारखीच चार माणसे.

या मिनिटभरात मिरवणे टिकत नाही. घड्याळाला तुमचा पगार माहीत नसतो, पद माहीत नसते. ब्रेक उशिरा दाबला की गाडीचे नाक बाहेर जाते आणि शंकू आडवा होतो. वळण्याआधी वेग कमी करायचा, नजर पुढच्या वळणावर ठेवायची, वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर कसे सरकते ते अंगाने ओळखायचे. हे शिकायला दोन-तीन हिवाळे जातात. जोरदार इंजिन असते तर अशा चुका काही अंशी झाकल्या गेल्या असत्या. हलक्या, बेताच्या ताकदीच्या गाडीत त्या उघड्या पडतात. गाडी कामे कमी करते आणि माणसाला जास्त करावी लागतात. ज्या हौसेत शिकावे लागते आणि हरावे लागते, ती हळूहळू मिरवण्यापासून सुटत जाते असे मला वाटते. गायनाचे तसेच आहे. नुसते महागडे तानपुरे दिवाणखान्यात ठेवणारा आणि पहाटे उठून सा लावणारा, दोघांकडे वस्तू एकच. पण एकाची हौस आहे आणि दुसऱ्याचे मिरवणे.

तिसरा प्रश्न धोक्याचा. वेगाची हौस ही इतर हौसांसारखी निरुपद्रवी नाही. पेटी बेसूर वाजली तर शेजाऱ्याची झोप जाते; गाडी बेसूर झाली तर जीव जातो. साठच्या ऐवजी एकशेवीसने गेले तर वेग दुप्पट होतो, पण टक्करीतली ऊर्जा चौपट होते. त्यात वजनाची भर. अडीच टनांच्या गाडीत बसणारा स्वतः सुरक्षित असतो, पण समोरच्यासाठी तीच गाडी अधिक घातक. आपल्या हलक्या गाडीत उलटे, समोरच्याला धोका कमी आणि आपल्याला जास्त. म्हणून ती रस्त्यावर जपूनच चालवायची. बहरीनने २०१४ साली नवा वाहतूक कायदा केला, कॅमेरे लागले, दंड वाढले. पण दंडाच्या भीतीपेक्षा एक साधी गोष्ट आठवावी. संध्याकाळी याच रस्त्यांच्या कडेने आपल्याच देशातला एखादा कामगार सायकलवरून घरी जात असतो. त्याने आपल्या हौसेला संमती दिलेली नाही.

वेगाला त्याची स्वतःची जागा असली पाहिजे, हे या छोट्या बेटाला चांगले समजले आहे. साखीरचे सर्किट उभे राहिले आणि ४ एप्रिल २००४ रोजी मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथे झाली. मायकेल शूमाकर जिंकला. त्याच सर्किटवर २९ नोव्हेंबर २०२० रोजी रोमाँ ग्रोझाँची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो माणूस त्यातून स्वतः चालत बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. डोक्यावरची 'हॅलो' ही पट्टी, आगरोधक कपडे, मागोमाग येणारी वैद्यकीय गाडी, सगळे तयार होते म्हणून. तीच टक्कर रस्त्यावर झाली असती तर? धोका पत्करण्याचा हक्क माणसाला असेलही, पण तो स्वतःपुरता, आणि त्याची तयारी करून. ऑटोक्रॉसचे मैदान हे त्या तत्त्वाचे गरिबाघरचे रूप आहे. तिथे आपल्या चुकीची किंमत एक प्लास्टिकचा शंकू मोजतो.

एक प्रश्न मात्र असा आहे, ज्याचे सोपे उत्तर नाही. गाडीला सीट दोनच. घरात माणसे चार. उरलेल्या दोघांचे काय? गाडीत पाळीपाळीने बसता येते, आणि नोव्हेंबर ते मार्चच्या संध्याकाळी छप्पर उघडून कॉलेजला जाणाऱ्या मुलीबरोबर जेबेल दुखानच्या बाजूला चक्कर मारली तर घरात महिन्याभरात होणार नाही इतके बोलणे होते, हेही खरे. पण सुट्टीची सकाळ ही दिनारासारखी नसते. ती पुढच्या महिन्यात भरून पाठवता येत नाही. शर्यतीत घालवलेल्या सकाळी घरच्यांच्या होत्या का, हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा, आणि घरच्यांना विचारून मांडायचा. बायको म्हणाली, 'या महिन्यात नको', तर त्या महिन्यात नको. जी हौस 'नको' ऐकू शकत नाही, ती पुन्हा आपल्या अरबी मुळाकडे परतली असे समजावे.

मग एवढे करून ती गाडी स्वतःच्या मालकीची कशाला हवी? तासाभराला भाड्याने का नको? यावर मला शिवकालीन घोडदळ आठवते. त्यात बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. दोघेही शूरच. पण शिलेदाराला घोड्याच्या चाऱ्यापासून नालेपर्यंत सगळे बघावे लागे. माझदाच्या लोकांनी या गाडीसाठी जे जपानी ब्रीद घेतले, त्याचा अर्थही घोडा आणि स्वार एकजीव होणे असाच आहे. परदेशात आपण बहुतेक जण बारगीर असतो. घर भाड्याचे, नोकरी करारावरची, राहणे व्हिसावरचे. एखादी वस्तू तरी अशी असावी, जिचे तेल आपण बदलतो, जिच्या सांध्यात शमालच्या वाऱ्याने शिरलेली वाळू आपण काढतो आणि जिचा आवाज बिघडला की आधी आपल्याला कळतो. मालकीचा खरा अर्थ हक्क गाजवणे नसून निगा राखणे हा आहे, हे अशा वस्तूवरून कळते. परत जायची वेळ आली की ती दुसऱ्या कोणाला द्यावी लागणार, हेही ठाऊक असते. तरी निगा राखायचीच.

तेव्हा हौस करावी का, या प्रश्नाला माझे उत्तर असे: करावी, पण तीन गोष्टी विचारून. ही कोणाच्या ताटातून येते? कोणी बघत नसताना ती करावीशी वाटते का? आणि तिचा धोका कोण सोसतो? तिन्ही उत्तरे स्वच्छ असतील तर भुवया वर जाऊ द्याव्यात. आपल्याकडे पदरमोड करून रात्री तालमी करणाऱ्यांना 'हौशी' कलाकार म्हणतात, आणि त्यात कमीपणा नाही, मान आहे. आपले मंडळ, गणपतीची आरास, दिवसभर ऑफिस करून रात्री तपासलेली या अंकाची मुद्रिते, सगळे अशा हौशी माणसांनीच चालवले आहे. पोटासाठी आपण इथे आलो हे खरे. पण पोट भरल्यावर आपण काय करतो, त्यावरूनच मुले ठरवतात की आई-बाबा माणूस म्हणून कसे होते.